मोरीचें पाणी

गेल्या जूनमध्यें, उन्हाळ्याची सुटी संपवून आम्ही लोणखेड्याच्या घरीं परतलों, आणि दार उघडतांच जी दुर्गंधि आली तिनें आम्हां सर्वांस पुन्हां अंगणांत घालवून दिलें. दीड महिना घर बंद होतें. कांहीं तरी सडलें असावें या समजुतीनें फडताळें धुंडाळलीं. उंदीर मेला असावा म्हणून माळा पाहिला. शेवटीं संशय स्वयंपाकघरांतील सिंकवर येऊन स्थिरावला. मग उपाय सुरू झाले. सिंकमध्यें फिनेल ओतलें, उदबत्त्या लावल्या, कोणीसें सांगितलें म्हणून सोडा आणि लिंबू यांचा फेस करून पाहिला. दोन दिवस घरांत उदबत्ती आणि गटार यांचा एक संमिश्र वास भरून राहिला, आणि तो मूळच्या वासाहून दुःसह होता. तिसऱ्या दिवशीं प्लंबर आला. त्यानें सिंककडे पाहिलेंहि नाहीं. ओट्याखालचा पिठाचा डबा बाजूस सारला, त्यामागें कोपऱ्यांत असलेली फरशींतली जाळी उचलली, आंत डोकावला आणि म्हणाला, “सर, इथलं पाणी सुकलंय. दोन तांबे ओता.” आम्हीं ओतले. संध्याकाळपर्यंत वास गेला. मजुरी घेतांना त्या गृहस्थासच संकोच वाटला.

आमचा संकोच निराळा होता. चार कपाटें भरून जगाचा इतिहास घरांत बाळगणाऱ्या माणसास आपल्या पायांखालच्या नळांत पाणी कां असावें लागतें हें ठाऊक असूं नये, ही गोष्ट मनास बोंचली. त्या बोंचणींतून जें वाचन झालें त्याचें फळ म्हणजे हा लेख होय. विषय घाणेरडा आहे असें म्हणून वाचकांनीं पान उलटूं नये, एवढी विनंति आहे. कारण तो विषय ‘घाणेरडा’ ठरवून दृष्टीआड करणें हाच या इतिहासाचा मुख्य भाग आहे.

वाचूं लागल्यावर पहिली गोष्ट लक्षांत आली ती ही कीं, घरांत येणाऱ्या पाण्याचा इतिहास आपल्याकडे विपुल आहे. घरांतून जाणाऱ्या पाण्याचा मात्र फार थोडा. आमच्याच तापीच्या वरच्या अंगास बऱ्हाणपूर आहे. तेथें अब्दुल रहीम खानखानान यानें १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याचें पाणी भुयारांतून शहरांत आणलें, व तें भुयार अजून लोक पाहावयास जातात. त्याच शतकांत मलिक अंबरानें खडकीस, म्हणजे पुढें औरंगाबाद म्हणून प्रसिद्ध झालेल्या व आतां छत्रपती संभाजीनगर हें नांव पावलेल्या शहरांत, नहर खेळविली. अठराव्या शतकांत नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजचें पाणी पुण्याच्या हौदांत आणून सोडलें. पाणी आणणाऱ्याचें नांव राहतें; त्याचीं स्तोत्रें होतात. परंतु तेंच पाणी भांडीं घासून, तांदूळ धुवून, ताकाचें पातेलें विसळून मोरींत पडलें कीं इतिहासकाराची लेखणी तेथेंच थांबते. जणूं तें पाणी त्या क्षणीं जगांतून नाहींसें झालें!

तसें तें नाहींसें होत नाहीं, हें ज्यांनीं सर्वांत आधीं ओळखलें ते लोक आपल्याच उपखंडांत होऊन गेले. राखालदास बानर्जी यांनीं १९२२ सालीं मोहेंजोदडोचा शोध लावला आणि सर जॉन मार्शल यांनीं १९२४ सालीं ती वार्ता जगास दिली. तेथें देवळें-राजवाडे शोधणाऱ्या विद्वानांस जें दिसलें तें म्हणजे विटांनीं बांधलेल्या, वरून झांकलेल्या नाल्या. घरोघरच्या न्हाण्यांचें पाणी रस्त्याच्या नालींत पडण्यापूर्वीं वाटेंत लहान हौदे केलेले. त्यांत गाळ बसावा, व पाणी पुढें जावें. नालीवरच्या विटा वा दगड काढतां येतील असे बसविलेले. म्हणजे आंतली घाण कोणी तरी वेळोवेळीं उपसत असे. साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या त्या स्थपतीस एक तत्त्व पक्कें कळलें होतें: सांडपाण्यांतला जड भाग वाटेंतच अडवावा, नाहीं तर तो पुढें कोठें तरी सडतो. आज सिंकच्या तोंडावर जी जाळी असते ती याच तत्त्वाची धाकटी बहीण.

पुढें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत हा विषय कायद्याच्या रूपानें भेटतो. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं उजेडांत आणून १९०९ सालीं छापलेल्या या ग्रंथांत, रस्त्यावर केर टाकणारास पणाचा आठवा हिस्सा दंड सांगितला आहे. चिखलपाणी तुंबवणारास पाव पण. आणि राजमार्गावर हेंच केल्यास दुप्पट. म्हणजे केरापेक्षां तुंबलेलें पाणी दुप्पट अपराधी! शेजाऱ्याच्या भिंतीपासून आपली मोरी किती दूर असावी याचाहि विचार त्यांत आहे. यावरून मोरीवरून होणारें शेजारभांडण किती प्राचीन आहे तें दिसतें. त्यानंतरच्या काळांत ठिकठिकाणीं भाजलेल्या मातीचीं रुंद कडीं एकावर एक रचून केलेले खड्डे सांपडतात. नगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं नेवाशास डॉ. सांकळिया यांनीं १९५४ ते १९५६ या काळांत जें उत्खनन केलें त्यांत सातवाहनकालीन वस्तींत असे शोषखड्डे आढळले. घरचें सांडपाणी घराशेजारींच जमिनींत जिरवावयाचें, अशी ती योजना होती.

आपल्या आजीपणजीच्या घरांतली मोरी हिच्याच वंशांतली. ‘मोरी’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. भांडीं घासण्याची जागा ती मोरी. तिच्यांतून पाणी वाहून जातें तें भोंकहि मोरी. आणि रस्त्याखालून ओढ्याचें पाणी पलीकडे नेणारा लहानसा पूल तोहि मोरीच. येणें आणि जाणें या दोहोंची जाणीव एका शब्दांत होती. खानदेशांतल्या काय किंवा कोंकणांतल्या काय, जुन्या घराची मोरी परसांत उघडत असे, आणि तिच्या तोंडाशीं अळू, केळ किंवा कर्दळ लावलेली असे. भांडीं राखेनें घासत. राखेंत पोटॅशचा क्षार असतो. तो तेलातुपाशीं मिळून साबणासारखा पदार्थ होतो आणि स्निग्धपणा सुटून जातो. खरकटें गुरांच्या पाटींत जाई. उरलेलें पाणी अळवाच्या मुळांशीं मुरे. वास यावयास तेथें सडण्यासारखें उरतच नसे.

परंतु जुन्याचें एवढें कौतुक करून थांबल्यास तें सत्याचा अपलाप होईल. ती मोरी वास मारीत नसे याचें मोठें कारण असें कीं तींत पाणीच फार थोडें पडे. पाणी विहिरीहून वा नदीवरून डोक्यावर आणावें लागे, तें आणणारी घरची स्त्री असे, आणि जिच्या मानेवर घागर असते ती पाणी जपून सांडते. दुसरें असें कीं, जेथें परसूं नसे, जेथें भिंतीस भिंत लागलेली असे, तेथें मोरी गल्लींत उघडे, आणि गल्लींतली घाण उपसण्याचें काम कांहीं जातींच्या माथीं मारून बाकीचा गांव मोकळा झालेला असे. मोहेंजोदडोच्या नालीवरच्या विटा उचलून आंतली घाण कोण काढीत असे हें आपणांस ठाऊक नाहीं. आपल्या गांवांत ती कोण काढीत असे हें मात्र आपणांस चांगलें ठाऊक आहे. या दुसऱ्या गोष्टीकडे पुढें यावेंच लागेल.

आतां वासाकडे वळूं. दुर्गंधाला मनुष्य भ्याला तो उगाच नव्हे. चरकसंहितेंत जनपदें उध्वस्त करणाऱ्या रोगांचीं कारणें सांगतांना वायु, उदक, देश आणि काल या चौघांच्या विकृतीचा उल्लेख आहे, आणि बिघडलेल्या हवापाण्याचें एक लक्षण म्हणून दुर्गंध येतो. युरोपांतहि हीच समजूत रूढ होती. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच मुळीं ‘वाईट हवा’ असा आहे. रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबादेस डासाच्या पोटांत त्या रोगाचा जंतु दाखविला. तरी शब्द तसाच राहिला.

या समजुतीचें सर्वांत मोठें नाट्य लंडनांत घडलें. एडविन चॅडविक या कर्तबगार गृहस्थानें १८४२ सालीं श्रमजीवी वर्गाच्या आरोग्याविषयीं प्रसिद्ध अहवाल लिहिला. दुर्गंध म्हणजेच रोग, असा त्याचा ठाम सिद्धांत होता. तेव्हां घरांखालचे मैल्याचे खड्डे रिकामे करून, गटारें धुवून काढून, सगळी घाण थेम्स नदींत लोटण्याचा सपाटा त्याच्या मतानुसार चालला. घरांतला वास कमी झाला खरा. पण शहरांतले पुष्कळ लोक त्याच नदीचें पाणी पीत होते! १८४८-४९ च्या पटकींत लंडनमध्यें सुमारें १४,००० माणसें मेलीं. डॉ. जॉन स्नो सांगत होता कीं हा रोग हवेंतून नव्हे, पाण्यांतून येतो. १८५४ सालीं ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचें उदाहरण त्यानें दाखविलें. तरी फार थोड्यांनीं मानलें. १८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्सला इतका वास सुटला कीं पार्लमेंटच्या पडद्यांस चुन्याचा क्लोराइड चोपडावा लागला, आणि सभासदांनीं अठरा दिवसांत कायदा मंजूर केला! त्या कायद्यान्वयें जोसेफ बॅझलजेट या इंजिनियरानें शहराच्या पोटांतून प्रचंड भुयारी गटारें काढून मैला शहराच्या पूर्वेस दूर नेऊन सोडला. उद्देश वास घालविण्याचा होता. परंतु त्यामुळें पिण्याचें पाणी सुधारलें, आणि जेथें हीं गटारें पोंचलीं तेथें पटकी पुन्हां आली नाहीं. चुकीच्या कारणासाठीं केलेलें बरोबर काम असें याचें वर्णन करतां येईल. मात्र तेंच चुकीचें कारण दहा वर्षांपूर्वीं हजारों जीव घेऊन गेलें होतें, हें विसरतां येत नाहीं.

हाच प्रयोग लवकरच आपल्या दाराशीं आला. १८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळानें मुंबईंत आलें, आणि १८९२ सालीं तानशाचें. पाणी आलें याचा उत्सव झाला. तें जाणार कोठें, याची सोय मात्र त्या मानानें फार मागें राहिली. घागरीचें पाणी जिरवणारी जमीन नळाचें पाणी जिरवूं शकत नाहीं, आणि चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरील मोरीखालीं तर जमीनच नसते. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. तेव्हां सरकारी आरोग्यखात्याची पहिली धाव गटारांकडेच गेली. समुद्राचें पाणी आणि कार्बोलिक आम्ल यांनीं गटारें धुण्यांत आलीं. भिंतींस चुना लागला. घरांचीं छपरें उघडण्यांत आलीं. प्लेग हटला नाहीं. पुढच्या वर्षीं पुण्यांत घरतपासणीच्या नांवाखालीं जें झालें व त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजीं रँडसाहेबाच्या खुनाच्या प्रसंगांत कसा झाला, तें महाराष्ट्रास सांगावयास नको. वस्तुतः जंतूचा शोध यर्सिन यानें हाँगकाँगास १८९४ सालींच लावला होता, आणि १८९८ सालीं कराचीस सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें उंदराच्या पिसवेकडे बोट दाखविलें. एवढा जुलूम झाला आणि एवढें कार्बोलिक ओतलें गेलें, तें एका अर्थीं नाकाच्या साक्षीवर. नाक गुन्हा घडल्याचें सांगतें. गुन्हेगार कोण तें सांगत नाहीं.

घराघरांतला वास थोपविण्याची खरी युक्ति मात्र याच्या शंभर वर्षें आधीं निघाली होती, आणि ती काढणारा कोणी वैद्य नव्हता, घड्याळजी होता. अलेक्झांडर कमिंग नांवाच्या स्कॉटिश कारागिरानें १७७५ सालीं लंडनमध्यें एका शौचकूपाचें पेटंट घेतलें; त्यांत खालची नळी त्यानें इंग्रजी ‘एस’ अक्षराप्रमाणें वाकविली होती. युक्ति एवढीच कीं, वांकामध्यें थोडें पाणी नेहमीं अडकून राहावें. वरून ओतलेलें पाणी त्यास ढकलून पुढें जातें. पण खालचा वायु त्यांतून वर येऊं शकत नाहीं. चाक नाहीं, झडप नाहीं, मोडण्यासारखें कांहीं नाहीं. पहारेकरी म्हणून फक्त दोन इंच पाणी! १८७१ सालीं इंग्लंडच्या युवराजास विषमज्वर झाला आणि त्याचें खापर गटारांतल्या वायूवर फुटलें. तेव्हां तर श्रीमंतांच्या घरोघर हे वांक बसविण्याची धांदल उडाली. विषमज्वर त्या वायूनें होत नाहीं, हें पुढें सिद्ध झालें. वांक मात्र राहिले.

आपल्याकडे हें साधन आलें तेव्हां एक गमतीची गोष्ट घडली. घरांतल्या फरशींत बसविण्याच्या वांकास आपल्याकडील इंजिनियरांच्या इंग्रजी पुस्तकांत ‘नहाणी ट्रॅप’ असें नांव पडलें आणि तें अजून तसेंच छापलें जातें. म्हणजे आपली न्हाणी, जिचा उगम संस्कृत स्नानांत आहे, ती इंग्रजी स्थापत्यशास्त्रांत जाऊन बसली. आणि आमच्यासारख्या मराठी पंतोजीस मात्र ती पिठाच्या डब्यामागें आहे हें ठाऊक नव्हतें. खानदेशच्या मे महिन्यांत वापरांत नसलेल्या न्हाणींतलें दोन इंच पाणी उडून जावयास दीड महिना पुरेसा आहे. पहारेकरी गेला, दार उघडें पडलें.

हें दार उघडें पडणें नुसतें नाकास त्रासदायक असतें असेंहि नाहीं. २००३ सालीं हाँगकाँगच्या आमॉय गार्डन्स नांवाच्या उंच इमारतींत सार्स रोगानें तीनशेंहून अधिक रहिवासी आजारी पडले. न्हाण्यांच्या फरशींतले वांक कोरडे पडल्यामुळें गटारांतले दूषित तुषार घरांत ओढले गेले असावेत, असा निष्कर्ष तेथील आरोग्यखात्यानें काढला. चॅडविकचा सिद्धांत खोटा ठरला, तरी गटाराची हवा सर्वथा निर्दोष आहे असाहि कौल मिळाला नाहीं. शास्त्राच्या इतिहासांत असें पुष्कळदां होतें: टाकून दिलेल्या समजुतींतला एखादा तुकडा परत उचलावा लागतो.

आतां गृहिणींच्या, आणि अलीकडे गृहस्थांच्याहि, उपयोगाच्या चार गोष्टी सांगणें प्राप्त आहे. सिंकचा वास तीन ठिकाणांहून येतो. पहिलें ठिकाण नळीच्या आंतला बुळबुळीत थर. डाळीचें पाणी, पिठूळ कण, तेल यांवर सूक्ष्म जंतु वाढतात. आंत हवा न पोंचल्यानें ते गंधकयुक्त द्रव्यांपासून हायड्रोजन सल्फाइड नांवाचा सडक्या अंड्याच्या वासाचा वायु तयार करतात. हा थर फिनेलनें जात नाहीं, सुगंधानें तर नाहींच. तो घासून काढावा लागतो. ओट्याखालचा बाटलीसारखा ट्रॅप हातानें उघडतो. खालीं बादली ठेवून तो सोडवावा, ब्रशानें धुवावा आणि परत आवळावा. धुण्याचा सोडा गरम पाण्यांत विरघळवून आठवड्यास एकदां ओतल्यास स्निग्धपणा सैल पडतो. राखेचेंच हें शहरी रूप आहे. सोडा आणि लिंबू किंवा व्हिनेगर एकत्र केल्यास फेस पुष्कळ होतो, पण क्षार आणि आम्ल एकमेकांस मारून टाकतात. उरतें तें बहुतांशीं खारट पाणी. आणि ब्लीचिंग पावडरीबरोबर कोणतेंहि आम्ल कधींहि मिसळूं नये. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो.

दुसरें ठिकाण सिंकखालची लवचिक नळी जेथें फरशींतल्या नळांत नुसती खोंचलेली असते ती फट. ती रबरी कड्यानें किंवा सिमेंटानें बंद करावी. तिसरें ठिकाण सुकलेली न्हाणी. गांवीं जाण्यापूर्वीं प्रत्येक जाळींत तांब्याभर पाणी ओतावें व वर थोडें खाण्याचें तेल सोडावें. तेलाच्या थरामुळें पाणी लवकर उडत नाहीं. सर्वांवर उपाय असा कीं तळणीचें तेल मोरींत ओतूंच नये. गरम असतां तें सुखानें वाहतें आणि पुढें थंड होऊन गोठतें. २०१७ सालीं लंडनच्या व्हाइटचॅपल भागांत बॅझलजेटच्या काळच्या गटारांत चरबी आणि चिंध्या यांचा सुमारें २५० मीटर लांबीचा, १३० टन वजनाचा धोंडा सांपडला होता. त्यांतली पुष्कळशी चरबी सिंकमधूनच तेथें पोंचली होती.

परंतु घरचा वास गेला म्हणजे प्रश्न संपला, असें मानणें हीच ती जुनी चूक. सिंकपाशीं नुसता नकोसा वाटणारा जो वायु, तोच बंद गटाराच्या खोल विहिरींत सांचून प्राणघातक होतो. हवेच्या अब्ज भागांत त्याचे थोडेसे भाग असले तरी आपलें नाक ओळखतें. परंतु दहा लक्ष भागांत त्याचें प्रमाण शंभराच्या आसपास गेलें कीं घ्राणशक्तीच बधिर होते आणि वास येईनासा होतो. पुढें तें पांचशेंच्या वर गेलें कीं थोड्याच वेळांत मृत्यु. म्हणजे ज्याचा वास आपणांस येतो तो आपणांस फारसें कांहीं करीत नाहीं. ज्याला वास येणें थांबतें तो मरतो. आणि तो कोण असतो, हें आपणांस ठाऊक असतें.

१९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत राजबंदी असतांना आप्पासाहेब पटवर्धनांनीं भंगीकाम आपणांस मिळावें अशी मागणी केली. उच्चवर्णीयास तें काम देतां येत नाहीं म्हणून ती नाकारण्यांत आली. त्यांनीं अन्नत्याग आरंभिला, आणि येरवड्याच्या तुरुंगांतून गांधीजींनीं त्यांस साथ दिली. पुढें कणकवलीस गोपुरी आश्रमांत आप्पासाहेबांनीं मैल्याचें खत करण्याचे प्रयोग चालविले. लोकांनीं त्यांस ‘कोंकणचे गांधी’ म्हटलें, आणि त्यांचें काम मात्र पूर्वींच्याच हातांत ठेवलें. कायदे झाले: १९९३ सालीं एक, २०१३ सालीं दुसरा अधिक कडक. मार्च २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें १९९३ पासून गटारांत मृत्यु पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबास दहा लक्ष रुपये देण्याचा हुकूम केला; ऑक्टोबर २०२३ मध्यें ही रक्कम तीस लक्ष केली. भरपाई वाढवावी लागते याचा अर्थ मरणें थांबलेलीं नाहींत. आपल्या घरांतला वांक वासास अडवतो, तशी आपल्या मनांतहि एक वांकडी नळी बसविलेली असावी. पलीकडचें अलीकडे येऊं नये अशी तिची योजना आहे.

त्या दिवशीं प्लंबर जावयास निघाला तेव्हां आम्हीं त्यास विचारलें, हें सगळें पाणी शेवटीं जातें कोठें? त्यानें हातानें नदीची दिशा दाखविली आणि सायकल काढली.

लोणखेडें शहाद्याच्या शेजारचें. शेजारून गोमाई वाहते. सातपुड्यांत उगम पावून ती प्रकाशास तापीला मिळते. प्रकाशास १९५५ सालीं बी. के. थापर यांनीं उत्खनन केलें आणि ताम्रपाषाणयुगापासून तेथें वस्ती होती असें दाखविलें. म्हणजे या संगमावर माणसें साडेतीन हजार वर्षें चुली पेटवीत आणि भांडीं विसळीत आलीं आहेत. आज तेथें दक्षिणकाशी म्हणून यात्रेकरू स्नान करतात. तेथून तापी उकाईच्या धरणांत आणि पुढें सुरतेस जाते. त्याच सुरतेंत १९९४ च्या सप्टेंबरांत, पुरानंतर कुजत राहिलेल्या घाणींत, प्लेगाची भीति उसळली आणि लक्षावधि लोक मिळेल त्या गाडीनें शहर सोडून पळाले. पुढल्या वर्षीं आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनीं तेंच शहर अल्पावधींत देशांतल्या स्वच्छ शहरांच्या पंक्तीस बसविलें. त्यांनीं कांहीं नवीन शास्त्र आणलें नव्हतें. केर आणि सांडपाणी रोजच्या रोज कोणी, कोठें, कसें न्यावयाचें याची जबाबदारी नेमली, आणि अधिकाऱ्यांस कचेरींतून रस्त्यावर उतरविलें.

एवढें आपणांस करतां येणार नाहीं. पण नेवाशाच्या मातीच्या कड्यांपाशीं परत जातां येतें. नांदेड जिल्ह्यांतील टेंभुर्णी गांवानें घरोघर शोषखड्डे काढले, उघडीं गटारें बुजविलीं, आणि त्याबरोबर डासहि गेले. आमच्याकडे एक अडचण आहे. ही काळी कपाशीची जमीन. हिच्यांत पाणी मुरत नाहीं, वर तुंबून राहतें. मुरूम लागेपर्यंत खणावें लागतें, आणि पिण्याच्या विहिरीपासून खड्डा दूर ठेवावा लागतो. दिवाळींत आम्हीं परसांत खणविलें. साडेपांच फुटांवर मुरूम लागला. खालीं दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू. सिंकचें पाणी आधीं एका लहान टाकींत येतें, तेथें तेल आणि गाळ अडतो, मग तें खड्ड्यांत उतरतें. टाकीचें झांकण उचलून गाळ आम्ही स्वतः काढतों. पहिल्या वेळीं किळस आली. दुसऱ्या वेळीं कमी आली. खड्ड्याच्या कडेनें कर्दळ लावली आहे. सांडपाणी शुद्ध करण्याच्या वाफ्यांत आतां शास्त्रज्ञहि हीच वनस्पति लावतात, हें आमच्या आजीस कळलें असतें तर ती हंसली असती.

आणि ओट्याखालचा पिठाचा डबा आम्हीं दुसरीकडे हलविला आहे.